उतारावर पहिला गिअर

गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

बाबा गेल्यापासून गाडी घरासमोरच्या उतारावर नाक खाली करून उभी होती. बॅटरी बसू नये म्हणून लेक ती सुरू करायला गेली, तर दांडा पहिल्यात! बाबांच्या हातून हे होणं शक्यच नव्हतं. गाडी कशी लावायची हे त्यांनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. पाय ब्रेकवर, चाकं फुटपाथकडे वळवलेली, हँडब्रेक वर, इंजिन बंद आणि मग गिअर. नाक चढावर असेल तर पहिला, उतारावर असेल तर उलटा, म्हणजे रिव्हर्स. "हँडब्रेक म्हणजे नुसती तार," ते म्हणायचे. "तारेच्या भरवशावर मी सायकलसुद्धा सोडणार नाही."

म्हणजे त्यांच्यानंतर कुणीतरी गाडी हलवली होती. गुपचूप.

दुसरी किल्ली दादाकडे होती. "उभ्या उभ्या सडेल, विकून टाकू," हे त्याचं पालुपद बाबा गेले त्याच आठवड्यात सुरू झालं होतं. त्याने कुणाला तरी दाखवली असणार.

आई आत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, दादा येऊन गेला का गं?"

"कधी?"

"कधीही. मी नसताना."

"न सांगता कशाला येईल तो?" आईने बाबांचा शर्ट उलगडला आणि पुन्हा घडी घातली. वर मात्र बघितलं नाही.

मुलावर पांघरूण घालायची आईची सवय जुनीच. तिने विषय वाढवला नाही. बाहेर जाऊन उलटा गिअर टाकला, पुढचं चाक फुटपाथकडे वळेल तेवढं वळवलं आणि किल्ली खिळ्याला अडकवली. आता बघूच.

दोन-तीन दिवसांनी दांडा पुन्हा पहिल्यात होता.

तिने दादाला फोन लावला. "गाडी कुणाला दाखवलीस?"

"कुठली गाडी?"

"साळसूदपणा पुरे. गिअर बदललाय."

"दांड्यावरचे ठसे घेतलेत का, इन्स्पेक्टरीणबाई?"

"थट्टा नको. चोरासारखं येऊन बाबांच्या वस्तूला हात लावायचा नाही."

पलीकडचं हसू थांबलं. "चोर?"

"मी फक्त विचारतेय."

"नाही, तू ठरवून मोकळी झालीयेस. ठेव तुझी गाडी. मी काही त्या घरात पाऊल टाकत नाही आता." फोन बंद झाला.

तिला रात्रभर तो शब्द बोचत राहिला. पण गिअर काही आपोआप बदलत नाही. भावावर आळ घ्यायचा तर निदान डोळ्यांनी बघून घ्यावा, आणि तो खोटा निघाला तर त्याच्या दारात जाऊन नाक घासावं.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा उलटा गिअर टाकला, दुपारी बँकेत जाते म्हणून निघाली आणि वळणावरच्या भिंतीआड उभी राहिली. थोड्या वेळाने घराचं दार उघडलं आणि आई बाहेर आली, हातात किल्ली घेऊन. दोन्ही बाजूंना बघून ती गाडीशी आली आणि थेट ड्रायव्हरच्या जागेवर बसली. जन्मात कधी स्टिअरिंगला हात न लावलेली आई! पाय पुरेना म्हणून ती सीटच्या कडेवर सरकली, क्लच दाबला, आणि गाडी हलली.

ती धावली. ती पोचेपर्यंत वळवलेलं चाक फुटपाथच्या कडेला धडकून गाडी थांबलीही होती.

"आई! अगं, काय करतेस?"

आईचा हात अजून दांड्यावरच होता. "तू सारखा उलटा टाकतेस. ह्यांनी तसा ठेवला नव्हता."

"बाबा उतारावर उलटाच टाकायचे."

"टाकायचे. खांदा धरायच्या आधी."

"कुणाचा खांदा?"

"डावा हात उचलायचाच नाही त्यांचा. शर्टसुद्धा मीच चढवायचे. हे क्लच दाबून 'दोन' म्हणायचे, की मी शेजारून दोन टाकायचे. 'तीन' म्हटलं की तीन."

"आणि आम्हाला बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर दोघांनी मिळून किल्ली काढून घेतली असतीत."

खरंच होतं ते.

"उलट्याला दांडा खाली दाबावा लागतो," आई म्हणाली. "तेवढा जोर नाही माझ्या मनगटात. मग उतारावरही पहिलाच. हे म्हणायचे, चालेल, चाकं नीट वळवू. त्या दिवशीचाही मीच टाकलेला."

तिने आत वाकून हँडब्रेक चाचपला; वर ओढलेला होता, पण तार ढिली.

"दादाला काही बोललीस का गं?" आईने विचारलं.

"चोर म्हणाले."

"त्याला कशाला? चोर आम्ही दोघं."

तिने आईला शेजारच्या सीटवर बसवलं, स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर बसली, ब्रेकवर पाय रोवला, हँडब्रेक करकरेपर्यंत ओढला. मग क्लच दाबला.

"पहिला?" आईने दबकत विचारलं.

"पहिला. पण ही तार बदलेपर्यंत एकटीने हात लावायचा नाही."

दांडा खटकन बसला. तिने फोन काढला. दादाने तो कापला. तिने पुन्हा लावला, आणि पुन्हा.

"कोण?" अखेर तो म्हणाला. "पोलीस चौकी का?"

"हो," ती म्हणाली. "चोर सापडले, दादा. दोघं होते."