मंतरलेल्या पाण्यातल्या अळ्या

एरवी आमच्या पॅकिंग हॉलमध्ये डोक्याला जाळीची टोपी बांधल्याशिवाय कोणाला पाऊल टाकता येत नसे. त्या सकाळी मात्र चपलांसकट निम्मं गाव आत शिरलं होतं. निवडणाऱ्या बायका, हमाल, बागायतदार, शेजारच्या कारखान्याचा पहारेकरीसुद्धा. निवडायचं टेबल मधोमध ओढलेलं, त्यावर काचेची दोन मोठी पाण्यानं भरलेली भांडी आणि मागे परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांतले शुद्धीबाबा.

बाबांनी एक आंबा घेतला, कोयीच्या दोन्ही बाजूंच्या फोडी काढल्या. एक फोड पहिल्या भांड्यात टाकली, दुसरी ताटात ठेवली. असे पाच-सहा आंबे झाले. मग डोळे मिटून ते पुटपुटायला लागले. बराच वेळ पुटपुटत होते. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली आणि तेवढ्यात पुढची एक बाई मागे सरली. फोडींतून पांढऱ्या अळ्या बाहेर येत होत्या. एक, दोन, मग कितीतरी. वळवळत पाण्यावर तरंगत होत्या.

"दोष बाहेर पडला," बाबा शांतपणे म्हणाले. "फळाच्या गर्भात वाईट लहरी बसल्या की त्यांना देह मिळतो. तोच हा देह. यंत्राला लहरी दिसत नाहीत. दिसल्या असत्या तर यंत्रांनी आश्रम काढले असते."

लोक हसले. बाबांनी ताटातल्या फोडींवर तीर्थ शिंपडलं, हॉलमधल्या पेट्यांवरही शिंपडलं आणि त्या फोडी दुसऱ्या भांड्यात सोडल्या. पुन्हा पुटपुटणं. पुन्हा वाट पाहणं. या वेळी पाणी स्वच्छच राहिलं. त्याच आंब्यांच्या फोडी, पण अळी औषधालाही नाही. लोकांनी हात जोडले. माझ्या थोरल्या भावानंही जोडले.

दादाचं मी समजू शकत होते. आमचं पॅकहाऊस परदेशी माल पाठवायच्या मान्यतेवर चालतं. तिकडचा नियम कडक: आंबा टाकीतल्या ठरावीक गरम पाण्यात ठरावीक वेळ बुडवायचा, म्हणजे आत फळमाशीची अळी असेल तर मरते. गेल्या तपासणीत तपासनीस बाईंनी बुडवून काढलेला आंबा कापला आणि सुरीच्या टोकावर जिवंत अळी निघाली. मान्यता स्थगित झाली. फेरतपासणी परवावर आली होती आणि हंगाम कोणासाठी थांबत नाही. दादाला झोप नव्हती. मेकॅनिक म्हणाला होता, "टाकी उघडून बघावी लागेल, चार-आठ दिवस धरा." त्याच संध्याकाळी कोणीतरी बाबांचा नंबर दिला.

मी तिथली गुणवत्ता बघते. टाकीच्या तापमानाचा आकडा रोज मीच तपासत होते आणि तो बरोबर होता. त्यामुळे मलाही काही सुचत नव्हतं. मी नुसती दारापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून दारापर्यंत फेऱ्या मारत होते. अखेर न राहवून आत्याला फोन केला. आत्या आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. ती आली, दारातली टोपी शोधून डोक्याला बांधली आणि गर्दीत उभी राहून सगळं शेवटपर्यंत बघितलं.

बाबांचा शिष्य पेट्यांवर 'शुद्ध' असा शिक्का मारायला निघाला, तशी ती पुढे झाली.

"बाबा, एक विचारू? दुसऱ्या भांड्यातल्या फोडी आता शुद्ध झाल्या ना?"

"निःसंशय, माई."

"मग त्या पहिल्या भांड्यात घालते. शुद्ध फळाला पाणी कुठलंही चालेल."

बाबांचा चेहरा जरासा आखडला. "त्या पाण्यात दोष उतरलाय. त्याला हात लावू नये."

"दोष मला लागू दे. माझं आता काय राहिलंय?"

दादा चिडला. "आत्या, घरच्याच माणसानं खोडा घालायचा का? परवा तपासणी आहे."

"म्हणूनच, बाळा. परवा तपासनीस बाई येतील, त्या बाबांच्या भांड्यात बघणार नाहीत. आज बघू दे."

सगळे दादाकडे बघायला लागले. त्यानं एकदा बाबांकडे बघितलं, एकदा रचलेल्या पेट्यांकडे. मग म्हणाला, "घाल."

आत्यानं पहिल्या फोडी नि अळ्या झाऱ्यानं काढून टाकल्या आणि शुद्ध झालेल्या फोडी त्याच पाण्यात सोडल्या. कोणी पुटपुटलं नाही. पंख्याची घरघर तेवढी येत होती. मी नखं खात उभी होते. आत्याचा अंदाज चुकला तर दादा मला घरात घेणार नव्हता. फोडी तशाच पडून होत्या. आणि मग एका फोडीच्या कडेला काहीतरी पांढरं हललं.

"संशयानं शुद्धी भंगते," बाबा घाईनं म्हणाले.

"भंगू दे," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "जा, उपाहारगृहातून मिठाची बरणी आणि एक काचेचं भांडं आण."

तिनं तिसऱ्या भांड्यात साधं पाणी घेतलं, मूठ-मूठ मीठ घालून ढवळलं. पेटीतले डागाळलेले, मऊ पडलेले आंबे तिनं स्वतः निवडले, कापले, आत टाकले. मग वर्गात बोलावं तसं बोलायला लागली.

"बाबांच्या पहिल्या भांड्यात असंच मिठाचं पाणी होतं. खारट पाणी अळीला सोसत नाही. ती फळ सोडून बाहेर येते आणि ते पाणी जड असल्यामुळे वर तरंगते. साध्या पाण्यात ती गरातच बसून राहते, म्हणून दुसरं भांडं स्वच्छ दिसलं. अळ्या दोन्हीकडे होत्या. बाबांनी पाणी बदललं, फळ नाही. आणि मंत्र एवढा लांब का? अळीला बाहेर यायला लागतो तेवढा तो लांब."

तिनं हे मागच्या रांगेलाही पुन्हा समजावून सांगितलं, तोवर तिच्या भांड्यात अळ्या वर आल्या होत्या. आत्यानं ना डोळे मिटले होते, ना ओठ हलवले होते. शिष्यानं शिक्का खिशात घातला. बाबा "कलियुग" असं काहीतरी म्हणत गाडीत जाऊन बसले. त्यांना कोणी अडवलं नाही, कारण सगळे भांड्याभोवती गोळा झाले होते.

दादा उलट्या क्रेटवर बसला. आत्याचे आभार वगैरे त्यानं मानले नाहीत. म्हणाला, "म्हणजे शिक्के मारून हाच माल गेला असता."

"गेला असता. तिकडे पकडला गेला असता. मग तुझीच काय, या भागातल्या प्रत्येक पॅकहाऊसची मान्यता धोक्यात आली असती. या बायकांनी कुठं जायचं?"

त्यानं त्याच दिवशी मेकॅनिकला बोलावलं. टाकी रिकामी केली, तेव्हा पाणी फिरवणाऱ्या पंपाची एक वाट क्षारानं बुजलेली सापडली. तापमापी लावली होती तिथे पाणी हवं तेवढं गरम, पण पलीकडच्या कोपऱ्यात जेमतेम कोमट. त्या कोपऱ्यातल्या आंब्यांमधल्या अळ्या मरतच नव्हत्या. मी इतके दिवस तापमानाचा आकडा बघत होते, तो एकाच कोपऱ्याचा होता.

दादानं तपासनीस बाईंना स्वतः फोन करून सगळं सांगितलं, बाबांसकट. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दुरुस्ती करा, कोपऱ्याकोपऱ्यात तापमापी लावा, मग बोलवा. आणि मिठाचं पाणी आम्हीही वापरतो बरं का, फक्त अळ्या शोधायला."

हंगामाचा पहिला बहर हातचा गेला. काही बायकांना मधल्या काळात दुसरीकडे कामाला जावं लागलं, दोघी परत आल्या नाहीत. मान्यता मिळाली, पण उशिरा. बाबांचा शिक्का आधी लागलेल्या दोन पॅकहाऊसना दादानं फोन केले. एकानं नीट ऐकून घेतलं. दुसऱ्यानं "आमचा अनुभव वेगळा आहे" म्हणून फोन ठेवला.

त्या दुसऱ्यासाठीच हे लिहिते आहे. भाऊ, तुमची अडचण मला कळते. टाकी उघडायला वेळ लागतो, शिंपडायला लागत नाही. पण आंब्यातली अळी ना तुमची श्रद्धा बघते, ना तुमची घाई. ती फक्त पाणी किती गरम आहे ते बघते. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एकच करा: दोन्ही भांड्यांतलं पाणी एकच आहे का, ते विचारा. खऱ्या माणसाला त्या प्रश्नाचा राग येणार नाही.