हरवलेलं अ‍ॅल्युमिनियम

“एकोणसत्तर,” म्हणत सुहैरनं खुर्ची मागं ढकलली.

“परत?” लासाद दारातच थांबला. “मॅडम सुहैर, शंभर भाग अ‍ॅल्युमिनियम आहे त्यात. पूड आम्लात विरघळवून मोजलं, तरी शंभरच. तुमच्या यंत्रात शिरलं की एकतीस भाग जातात कुठं? हरिसाची चटणी लावून खातं का ते?”

“माझं यंत्र दर सोमवारी तपासलेलं असतं.”

“मग मीच खातो म्हणा.” तो निघून गेला.

हे तिसऱ्यांदा झालं होतं. ट्युनिसच्या या प्रयोगशाळेत लासाद पाच वर्षं तेलशुद्धीसाठीची पांढरी पूड बनवत होता. तिच्या सांगाड्यात अ‍ॅल्युमिनियम किती बसलं, यावर त्याचा प्रबंध उभा होता. प्राध्यापक सी लझर यांनी कालच बजावलं होतं, चौथ्यांदाही कमी भरलं तर प्रबंध मागं घे.

सुहैरचं डोकं तापलं. अणुकेंद्रांचे संकेत मोजणारं हे एनएमआर यंत्र नऊ वर्षं तीच चालवत होती. दर सोमवारी अ‍ॅल्युमिनियमच्या द्रावणाला रेडिओलहरींचा झटका किती वेळाचा दिला की संकेत सगळ्यात मोठा मिळतो, ते ती शोधायची. बारा मायक्रोसेकंद. तोच झटका मग सगळ्या पुडींना. लासादचं तोंड बंद करायचं म्हणून तिनं आज झटका आखूड करून पाहिला. यंत्र खरं असेल, तर तूट तेवढीच राहील.

सहा मायक्रोसेकंदांना एक्याऐंशी आले.

तिनं नमुना काढला, पुन्हा बसवला. दोन मायक्रोसेकंदांना संकेत इवलासा, म्हणून दुपारभर मोजणी चालू ठेवावी लागली. सत्त्याण्णव.

द्रावणातली सगळी अणुकेंद्रं एकाच चालीनं वळतात. घन पुडीत आजूबाजूच्या वेड्यावाकड्या ओढीमुळे काही तिप्पट वेगानं वळतात; बारा मायक्रोसेकंदांपर्यंत ती केव्हाच पुढं निघून गेलेली असतात आणि मोजणीतून सुटतात. झटका अगदी छोटा असला, तरच सगळी सारखी मोजली जातात. हे तिनं कधीतरी वाचलंही होतं. दर सोमवारी इतक्या नीट तपासणाऱ्या बाईला ते स्वतःला लागू होईल असं वाटलं नव्हतं, इतकंच.

सी लझर यांनी आलेख पाहिला. “आजपासून झटका दोनचा ठेव. मागचं उकरू नकोस. लासादला सांग, चौथा नमुना चांगला निघाला.”

“चौथा अजून बनलाच नाही. हा तिसराच आहे.”

“तुझ्या आकड्यांवर किती जणांनी पदव्या घेतल्यात, माहितीये?”

“नावानिशी माहितीये, सी लझर.”

सुहैरनं टेबलाच्या कडेला उभं राहूनच अहवाल लिहिला: आधीच्या तिन्ही मोजण्यांमधली चूक माझी, नमुन्याची नव्हे. खाली सही केली. नऊ वर्षांत अहवालावर तिचं नाव प्रथमच येत होतं.

लासाद मोरीपाशी चौथ्या खेपेसाठी पोलादी भांडं घासत होता.

“राहू दे ते,” ती म्हणाली. “सत्त्याण्णव आहेत. पहिल्यापासून होते.”

त्यानं मान वर केली नाही. नळ चालू होता. भांडं कधीचंच स्वच्छ झालं होतं. तो घासतच राहिला. तो नळ बंद करून हात पुसेपर्यंत सुहैर अहवालाचा कागद धरून उभी राहिली.