माप फटीत असतं

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चकती आहे, तारेची जाडी मोजणारी. थकले आहे, म्हणून थोडक्यात सांगते. माझ्या कडेने फटी आहेत, प्रत्येक फटीपाशी नंबर आणि फटीच्या आतल्या टोकाला एक गोल भोक. चांदी ग्रॅमवर मिळते, तार मात्र नंबरावर मागायची. नंबर जितका मोठा, तितकी तार बारीक. ही उलटी तऱ्हा ऐकून नवखी माणसं हसतात.

तिझनीत गावच्या चांदीबाजारात ब्राहीम कारागिराच्या दुकानातल्या भिंतीवर मी चाळीस वर्षं लटकले. त्याला माझं फार कौतुक होतं. मग त्याची नजर अधू झाली आणि दुकान त्याच्या बायकोने, इज्जाने, सांभाळायला घेतलं. शेजारचा हमू कारागीर येताजाता म्हणायचा, "भाकरी थापणारे हात चांदीला लागले. आता बाजाराचं काही खरं नाही."

तिच्या नावावरचं पहिलं काम एका नवरीच्या तिझरझाईचं होतं, म्हणजे खांद्यावर वस्त्र अडकवायच्या चांदीच्या पिनांच्या जोडीचं. इज्जाने नमुन्याला आपल्याच लग्नातल्या जोडीची सुई घेतली आणि माझ्या भोकात घातली. अगं बाई, भोकात नव्हे, फटीत! पण लोखंडाला कुठलं तोंड? भोक फटीहून मोठं. चौदा नंबरची सुई अठराच्या भोकात बसली आणि कासाब्लांकाहून अठराची बारीक तार आली. नवी सुई जाड लोकरीत टोचताच वाकली. दुसरी तार यायला आठवडा लागणार होता आणि लग्न परवावर आलं होतं. जोडी वेळेत गेली नसती, तर इज्जाकडे पुन्हा कोणी काम दिलं नसतं.

तिने आपल्या जोडीच्या दोन्ही सुया काढल्या आणि नवरीच्या जोडीला बसवल्या. ब्राहीमने बोटांनी चाचपून पाहिलं.

"ही सुई मी तुझ्यासाठी घडवली होती."

"हो. तेव्हाच मोजायलाही शिकवलं असतंत, तर आज काढावी लागली नसती."

मग त्याने मला खिळ्यावरून उतरवलं, तिचा हात धरला आणि तार फटीत सरकवून दाखवली. मला आनंद झाला, पण इतका उशीर झाला याचं त्याहून जास्त वाईट वाटलं.

मित्रांनो, आम्हा अवजारांना तेल लावा, गंजू देऊ नका. पण त्याआधी आपल्याला येतं ते घरातल्या माणसाला सांगा. आम्ही भिंतीवरून सगळं पाहतो, पण आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.