डाइवाला काय सांगायचं

आयर्लंडमधल्या मेनूथच्या विद्यापीठात रविवारी दुपारी लिथुआनियन सिनेमा होता, आणि यशोधनला जायचं जिवावर आलं होतं. पण डब्लिनच्या ओंगार भागातली त्याची शेजारीण डाइवा मूळची लिथुआनियाची. आपल्याच लोकांचं पाप एकटीनं बघवणार नाही म्हणाली. लातूरहून आलेली त्याची आई, शकुंतलाबाई, लगेच तयार! मग काय, साहेब दोन तास आईच्या कानाशी लागून सबटायटलांचं मराठी करत बसले. सिनेमातल्या गावात हुकूम जर्मनांचा, पण ज्यूंची घरं दाखवली गावकऱ्यांनीच. सकाळी शेजाऱ्यांना खड्ड्यापाशी उभं केलं, संध्याकाळी त्यांच्या गाद्या, कोंबड्या घरी आणल्या. आई सारखी चुळबुळत होती.

परतताना यशोधन गाडी चालवत होता, आई शेजारी; डाइवा मागे नखं खात बसली. "माझी आजी चौऱ्याण्णवची आहे. तेव्हा गावातच होती. विचारू का तिला?"

"विचारच!" यशोधन म्हणाला. इंग्रजीत त्याला तत्त्वज्ञान भारी सुचतं. "आमच्याकडे असं झालं असतं, तर मी सगळ्यात आधी विचारलं असतं."

"काय म्हणायली ती?" आईनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, स्वतःचं उत्तर तर जरा ऐटीतच.

"मग मला विचार की," आई म्हणाली.

"काय विचारू?"

"अठ्ठेचाळीस सालचं. पोलीस ॲक्शनचं. निजामाचे रझाकार पळाले, अन् राग निघाला गरीब मुसलमानांवर. आपल्या शेजारी कासम पिंजारी राहायचा. जमाव आला, तेव्हा तुझ्या आजोबांनी त्याचं दार दाखवलं. बापलेकांना विहिरीत टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांची म्हैस आपल्या दावणीला. सासूबाई मरताना बोलल्या मला. त्या दुधावर तुझा बाप वाढला, यशा."

आजोबा म्हणजे यशोधनचा देव. आईचा त्याला भयंकर राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

डाइवा पुढे वाकली. "आई रडतायत का? काय म्हणाल्या?"

"काही नाही गं. सिनेमा मनाला लागला म्हणते."

"मी इतकं बोलले, अन् तू एवढंसंच सांगितलंस?" आई म्हणाली. तिनं पट्टा सैल केला, मागे वळली आणि डाइवाचा हात धरला.

"पिक्चर," ती म्हणाली. "सेम. माय फादर-इन-लॉ. सेम."

डाइवानं आरशातून यशोधनकडे पाहिलं. त्याला तोंड लपवायला जागा नव्हती.