तळपाय बघणारं माणूस

मधुमेहाच्या वर्गाला सगळे जोडीने यायचे. सिस्टरांचा नियमच होता, एक पेशंट आणि एक घरचं माणूस. साखर एकाच्या रक्तात वाढते, पण पथ्य, सुई आणि चिडचिड सगळ्या घराच्या वाट्याला येते, असं त्या म्हणायच्या. बूटवाले तेवढे एकटे यायचे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत खुर्च्या दोन-दोन करून मांडलेल्या असत, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी बसे.

बूटवाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभा जन्म बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून गेला, म्हणून वर्गाने त्यांना ते नाव दिलं. माणसाने मोजा काढला की त्याचा अर्धा स्वभाव आपल्याला कळतो, अशी त्यांची बढाई होती. ऐकायला बायको होती तोवर तिने ती ऐकून घेतली. ती गेल्यावर घरात ते आणि रेडिओ उरले. मुलगी सातासमुद्रापार. रविवारी तिचा फोन यायचा. "बाबा, कसे आहात?" "ठणठणीत!" आता ठणठणीत म्हटल्यावर पुढे बोलायला राहतं काय? दोघंही हवापाण्याचं बोलून फोन ठेवत.

सिस्टर तोंडाने फटकळ आणि हाताने हलक्या. त्या दिवशी पायांचा धडा होता.

"साखरेने पाय बधिर होतात," त्या म्हणाल्या. "खडा रुतला तरी कळत नाही. म्हणून तळपाय रोज बघायचे. वाकता येत नसेल, दिसत नसेल, तर घरच्याने बघायचे. लाजायचं नाही. जे एकटे राहतात त्यांना मी बाजूला घेऊन वेगळी युक्ती शिकवते, पण इथे तसं कुणी नाही. की आहे? काका, तुमचे पाय कोण बघतं?"

सगळ्या माना बूटवाल्यांकडे वळल्या. एकटा आहे म्हणायला एक क्षण पुरला असता. पण त्या क्षणानंतर या सगळ्यांच्या चेहऱ्यावर जी दया उमटली असती, ती त्यांना नको होती.

"मुलगी," ते म्हणाले. "कामाला जाण्याआधी बघते."

"शाबास! मग वर्गाला का येत नाही?"

"सुट्टी मिळत नाही तिला."

"अशी लेक पाहिजे," कोपऱ्यातल्या आजीबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या लेकाला कोपराने ढोसलं. खोटं बोलायला अक्कल लागते म्हणतात. इथे अक्कल लागली नाही, लोकांनीच ते उचलून डोक्यावर घेतलं.

मग जोड्यांनी पाय बघायला सुरुवात केली. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांचा पाय त्यांच्या बायकोने मांडीवर घेतला, चष्मा सावरला आणि म्हणाली, "इतका संसार झाला, पण हे आत्ता बघतेय. बरा आहे की!" मास्तर लाजून हसले. बूटवाल्यांना तिकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

"काढा मोजा, आज मी बघते," सिस्टर म्हणाल्या.

"नको, सकाळीच बघून झालंय."

अशा रीतीने एकट्या माणसाची युक्ती एकट्या माणसालाच शिकायला मिळाली नाही. याला म्हणतात आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं.

पुढे त्यांच्या फिरायला जायच्या बुटाची टाच सैल झाली. चांभाराकडे जातील तर ते बूटवाले कसले? घरातली हातोडी काढली, टाचेत चुका, म्हणजे बारीक खिळा, ठोकला, बूट घातला आणि खोलीत फेरी मारली. गिऱ्हाइकांना जन्मभर तेच सांगितलं होतं त्यांनी: दोन पावलं चालून बघा, बूट चावत असेल तर पाय सांगेल. पाय काही बोलला नाही. बूटवाले स्वतःच्या हातावर खूश झाले आणि रोज फिरत राहिले.

एका सकाळी ते न्हाणीघरातून बाहेर आले तर फरशीवर डाग. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, तिथून ओट्यापर्यंत. तांबूस, माणूस चालत गेल्यासारखे ठरावीक अंतरावर. घरात कुणीतरी येऊन गेलं होतं.

सांगायला लाज वाटते, पण त्यांना भीती वाटली नाही. आधी बरं वाटलं. "कोण आहे?" त्यांनी हाकसुद्धा मारली. दाराला आतून कडी होती. मग त्यांनी डोळे बारीक करून डाग नीट बघितले. सगळे एकाच पायाचे होते, उजव्या.

दवाखान्यात सिस्टरांनी जखम धुतली, मग उजव्या बुटात हात घातला आणि पटकन बाहेर काढला. चुक्याचं टोक आत वर आलेलं होतं. सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे एका दिवसाचं नाही, काका! पू झालाय. डॉक्टर म्हणताहेत, औषधाला दाद दिली नाही तर पाऊल काढावं लागेल. कळतंय का? आणि तुमची मुलगी करते काय? रोज बघते म्हणे! डोळे मिटून बघते का? तिचा नंबर द्या, मी बोलते तिच्याशी."

पाऊल जाईल हे बूटवाल्यांनी ऐकून घेतलं. मुलीवरचा बोल मात्र त्यांना ऐकवेना.

"तिला काही बोलू नका, सिस्टर. ती इथे नसते." ती किती लांब असते ते त्यांनी सांगितलं.

"मग पाय बघतं कोण?"

"कुणी नाही."

"मग खोटं का बोललात माझ्याशी?"

"सगळे जोडीने बसले होते हो."

पट्टी बांधून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "डावा पाय तरी वाचवायचाय ना? फरशीवर आरसा ठेवून बघायचं कसं ते मी उद्या शिकवते. पण साखरेने तुमची नजर अधू झालीय, नुसत्या आरशाने भागणार नाही. मुलीला सांगा. आजच सांगा. उजव्याचं काय होईल ते आठवडाभरात कळेल, ते तिला आयत्या वेळी कळायला नको."

दुपारी बूटवाल्यांनी व्हिडिओ फोन लावला. रविवार नव्हता. पडद्यावर मुलगी आली ती घाबरूनच.

"बाबा? आज कसा फोन? काय झालं?"

ठणठणीत हा शब्द सवयीने ओठावर आला होता. त्यांनी तो गिळला.

"पाय दाखवायचाय तुला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बुटातला चुका, जखम, डॉक्टर काय म्हणाले ते. वर्गात तिच्या नावावर काय खपवलं तेही. "उजव्याला पट्टी आहे," ते म्हणाले. "डावा तेवढा बघ. रोज कुणीतरी बघायला हवा म्हणतात."

समोरच्या खुर्चीत डब्याला टेकवून त्यांनी फोन उभा केला आणि डावा पाय स्टुलावर लांब केला. पाय बरोबर फोनसमोर आला, तसा तिचा चेहरा त्याच्या आड गेला. आता नुसता आवाज येत होता.

"थोडा डावीकडे, बाबा. हां. आता बोटं फाकवा."

त्यांनी जमतील तशी फाकवली. जन्मात त्यांनी एवढे पाय हातात घेतले, पण त्यांचा पाय असा कुणी बघितला नव्हता. त्यांना फार अवघडल्यासारखं झालं, आणि तिने बघत राहावं असंही वाटलं.

"भेग वगैरे आहे का गं कुठे?"

त्यांनी पाय आणखी थोडा पुढे केला.

"दिसतंय ना?"

"दिसतंय." आवाज घोगरा होता. "काही नाही, बाबा. चांगला आहे हा पाय."

"मग ठेवू खाली?"

"नको!" ती घाईने म्हणाली. "एवढ्यात खाली घेऊ नका."

पाय खाली घेतला तर ती रडताना दिसेल, हे त्यांना कळलं. पाय मघापासून थरथरत होता. त्यांनी दोन्ही हातांनी मांडी घट्ट धरली आणि तो तसाच वर ठेवला.