सातवी वायर

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरसुद्धा नाही. जिन्यात माझ्यासमोर उभं राहून कुणी नुसता खिशात हात घातला, तरी माझ्या मनात पाल चुकचुकते.

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, विजेच्या मीटरांच्या वर, मी भिंतीला लटकलो आहे. बाहेरून एक जाड वायर इंटरनेट घेऊन माझ्या पोटात येते आणि तिथल्या यंत्रातून बारीक वायरी निघून घरोघरी जातात. प्रत्येक वायरीपाशी एक हिरवा दिवा आहे. वायरी जिन्याच्या वळणाआड गेल्या की पुढे कुणाच्या घरात शिरतात, ते मला दिसत नाही. जे दिसत नाही त्याचा मला संशय येतो.

हा स्वभाव जन्मापासूनचा. कारखान्यात ज्या कामगाराने मला घडवलं, त्याने माझं झाकण दोनदा उघडून बंद केलं आणि तरी तिसऱ्यांदा बघितलं. मग तळमजल्यावरच्या नेटवाल्या ताईंनी मला विकत आणलं. त्यांचा स्वतःचा इंटरनेटचा छोटासा धंदा आहे. तोंडात स्क्रू धरून त्या स्टुलावर चढल्या आणि त्यांच्या सासूबाईंनी खाली स्टूल धरलं. "पडलीस तर मला सांगू नकोस," असं त्या सारखं म्हणत होत्या, पण स्टूल काही सोडलं नाही.

काय कौतुक झालं माझं तेव्हा! पहिला व्हिडिओ न अडखळता चालला आणि लोक दार उघडून टाळ्या वाजवत बाहेर आले. इमारतीच्या सेक्रेटरीकाकांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसलं. मला कुणी पुसलं ते तेवढंच. आता माझ्या कोपऱ्यावर लोक ओल्या छत्र्या अडकवतात.

पुढे सगळ्यांना वेगाची चटक लागली. पन्नासचा वेग मिळाला की शंभर हवा. शंभर मिळाला की समोरच्या इमारतीत दोनशे आहे म्हणे! एवढ्या वेगाचं करायचं काय, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू अजूनही स्वेटरच्या टाक्यांचेच व्हिडिओ बघत होत्या, पण दोनशे त्यांनाही हवा होता.

त्यातच वेग मोजायचं ॲप आलं. कामावरून घरी आलं की प्रत्येक जण आधी वेग मोजायचा आणि आकड्याचा फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकायचा. पण मोजण्यासाठी ते ॲप भसाभसा माहिती ओढतं. टाकीत पाणी किती आहे हे बघायला सगळ्यांनी एकदम नळ सोडावेत, तशातली गत. माझे दिवे वेड्यासारखे फडफडायचे. लाइन गुदमरायची, आकडा पडायचा, आणि पडला म्हणून लोक पुन्हा मोजायचे.

ताईंनी ग्रुपवर हात जोडले. "संध्याकाळी सगळ्यांनी एकदम मोजू नका हो, मोजण्यानेच लाइन भरते."

झालं! चौथ्या मजल्यावरचे जावईबापू माझ्यासमोरच काकूंना म्हणाले, "बघितलंत? मोजू नका म्हणतात. कुठेतरी पाणी मुरतंय." हे जावईबापू सासुरवाडीत राहतात ते इथलं नेट चांगलं म्हणून, असं तेच सांगतात. त्या संध्याकाळी सगळ्यांनी दुप्पट वेळा मोजलं.

मग एका मोठ्या कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. दुप्पट वेग आणि पहिले काही महिने फुकट. फुकट म्हटलं की मी सावध होतो, पण लोक खूश झाले. रविवारी सगळ्यांनी सह्या करायचं ठरलं. माझ्याखालच्या पायरीवर बसून ताई फोनवर भावाला सांगत होत्या, "आजूबाजूच्या इमारती गेल्या रे दादा. ही पण गेली की धंद्याला कुलूप." त्यांचा आवाज ऐकून मला वाईट वाटलं.

पण संशय कुठे जातो! कारण ताई स्वतःच काहीतरी भलतं करत होत्या. रोज लोकांच्या मोजण्याच्या वेळेला त्या वर यायच्या, इकडेतिकडे बघायच्या, माझं झाकण उघडायच्या आणि सातवी वायर उपटून जायच्या. जेवणं उरकल्यावर येऊन परत खोचायच्या. कुणा गरिबाचं नेट चोरतात या? मला ओरडावंसं वाटायचं. डबा काय ओरडणार!

शनिवारी मात्र माझं झाकण जोरात करकरलं आणि जावईबापू वरून धावत आले.

"अहो या, या सगळे! ताईंना रंगेहाथ पकडलंय!"

जिना भरून गेला. सेक्रेटरीकाकांनी विचारलं, "कुणाची वायर काढलीत?"

"लावते ना परत," ताई मान खाली घालून म्हणाल्या.

"हात लावायचा नाही! जावईबापू, ती वायर धरा. कुठे जाते ते बघूच."

एकामागून एक हात वायर चाचपत खाली निघाले. वळणाआड गेल्यावर मला नुसते आवाज येत होते.

"माझ्याकडेच वळणार, मला माहीत होतं!"

"नाही हो काकू, पुढे गेली."

"पहिला मजलापण सोडला हिने."

मग एक दार उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सासूबाईंचा. "बरं झालं आलात! आणा तो मोठ्या कंपनीचा कागद, पहिली सही माझी. सून नेटवाली आणि माझी मालिका रोज ऐन वेळेला बंद! विचारलं तर म्हणते, आई, वरूनच गेलंय."



"तुम्ही सगळे मोजायला बसलात की लाइन पुरत नाही," ताईंचा आवाज आला. "कुणाचं तरी एक बंद केलं तर तेवढाच भार कमी. मग दुसऱ्या कुणाचं करणार होते मी?"

जावईबापू धापा टाकत वर आले. त्यांनी गुपचूप सातवी वायर खोचली. आणि मित्रांनो, दिवेलागणीच्या वेळेला माझे सगळे दिवे इतके शांत मी कधी पाहिले नव्हते. मोजणारे सगळे खाली दारात उभे होते ना!

"अगंबाई, चालली की!" सासूबाई ओरडल्या. "एकदाही अडकत नाही!"

जावईबापूंचा हात खिशाकडे गेला आणि ते वरूनच मोठ्याने म्हणाले, "बघू तरी, किती स्पीड येतोय..."

"खबरदार!" खालून अख्खा जिना एका आवाजात ओरडला.

रविवारी सह्या झाल्या नाहीत. मी भिंतीवर थोडा हलत होतो, तर सेक्रेटरीकाकांनी कंपनीच्या कागदाची घडी करून माझ्या मागच्या फटीत खोचली. ताईंनी पुढे धीर करून जास्त भाराची लाइन घेतली आणि तिच्या पैशांत सगळ्यांनी वाटा उचलला.

तर मित्रांनो, संशय घेऊ नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू? घ्या. पण घेतलात तर वायर हातात धरा आणि शेवटच्या दारापर्यंत जा, अर्ध्या जिन्यात थांबून निकाल देऊ नका. आणि जाता जाता माझ्या कोपऱ्यावरची ती छत्री तेवढी काढा.

सातवा दिवा आता रोज संध्याकाळी लागलेला असतो. ताईंवर माझा विश्वास आहे. तरी मी तो रोज बघतो.