चालती दारं

काचेचा कारखाना बंद पडला आणि वर्षभरात अर्धी वस्ती घरांना कुलपं लावून निघून गेली. मग त्या घरांची दारंच नाहीशी होऊ लागली. लाकडाला भाव होता आणि घेणारे काही विचारत नसत.

सरकारने दारचोरीची शिक्षा वाढवली. सहा महिन्यांची सात वर्षं झाली. शिक्षा झालेल्यांची नावं नगरपालिकेच्या गाडीवरच्या कर्ण्यातून वाचण्याचं काम तिथे नोकरीला असलेल्या, वस्तीतल्या दोघी जावांपैकी थोरलीकडे होतं. पहिलं नाव तिच्याच धाकट्या दिराचं निघालं. तिने ते न अडखळता वाचलं. तेव्हापासून त्याची बायको, तिची धाकटी जाऊ, तिच्याशी बोलेनाशी झाली.

चोऱ्या मात्र थांबेनात. उघड्या पडलेल्या घरांतून तिचाच आवाज परत येई: सात वर्षं… वर्षं… जणू आत कुणीतरी बसून पाठ करत होतं.

एका संध्याकाळी गाडी बंद पडली. चालक खटपट करत बसला आणि ती पायीच घराकडे निघाली. गल्लीच्या टोकाकडून एक दार चालत येत होतं. उभंच्या उभं, हळूहळू, कडी वाजवत. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग दाराखाली तिला चपला दिसल्या. एकीचा अंगठा तारेने बांधलेला. पाठीवर दार घेतलेली ती धाकटी जाऊ होती.

"जाऊबाई, बाजूला व्हा. जड आहे."

"अगं, सात वर्षं! सकाळीच वाचलं मी."

"ऐकलं की. कमावता माणूस आत गेला. आता पोरींच्या ताटात काय, तुमचा आवाज वाढू?"

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटते ना. रिकाम्या चुलीपुढे बसलं की जास्त वाटते."

तिच्यामागून आणखी दोन दारं आली, मग तिसरं. त्यांच्याखालच्या बायकांना थोरली ओळखत होती. त्या प्रत्येकीच्या घरातलं एकेक नाव तिने वाचलं होतं. जावेचा तोल गेला तशी थोरलीने खालून दाराला हात दिला आणि नाक्यापर्यंत तसाच ठेवला.

पुढच्या महिन्यात शिक्षा दहा वर्षांची झाली. त्या आठवड्यात पाच दारं गेली. थंडीत नव्या मालकाने कारखान्याची एक भट्टी पेटवली. बायकांना पॅकिंगला घेतलं. त्यानंतर एकही दार हललं नाही.

"बघा, दहा वर्षांचा धाक!" नगरपालिकेतले साहेब खूश होऊन म्हणाले.

थोरलीने नावांची यादी घडी घालून ठेवली. सुटी झाल्यावर ती कारखान्याच्या फाटकापाशी जावेची वाट पाहत उभी राहिली. दोघी घराकडे चालू लागल्या.

"ते सुटतील तेव्हा," जाऊ म्हणाली, "धाकटी पोर माझ्या खांद्याला लागलेली असेल."